तिथीची पाऊणपट

सातवीला भरती-ओहोटी शिकवत होते. चंद्र, सूर्य, गुरुत्वाकर्षण, फळा गच्च भरला. म्हटलं, भरतीची नेमकी वेळ बघायला तक्ता लागतो. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, तक्ता कशाला? आज तिथी कुठली?" दिवाळ्याच्या कोळीवाड्यातलं पोर. पाढे म्हणताना मान खाली घालणारं!

"षष्ठी."

"मग साडेचारला भरती. आजा सांगतो, तिथीची पाऊणपट करायची."

सहाची पाऊणपट साडेचार. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. पौर्णिमेनंतर आणि अमावास्येनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. दिवसातून दोनदा भरती, म्हणून हीच वेळ पहाटेची आणि दुपारचीही. चंद्र रोज उशिरा माथ्यावर येतो, त्यामुळे भरती रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. कोळ्यांनी हिशेबाला सोपा पाऊण तास धरला. थोडं मागेपुढे होतं, पण होडी काढायला पुरतं. मी मात्र बीएडला हे कधी ऐकलं नव्हतं.

सिडकोने 95 गावांच्या जमिनीवर नवी मुंबई वसवली. त्या गावांची मुलं आमच्या वर्गात असतात, हे आपण शिक्षक विसरतो.

रोहित पक्ष्यांनाही हे गणित पाठ. ओहोटीला ते ठाणे खाडीच्या चिखलात चरतात, पाणी चढलं की नेरूळच्या चाणक्य पाणथळीत येतात. त्यांच्या मोसमात बघायला जाणार असाल, तर आधी कॅलेंडरवर तिथी बघा.