विंचवाच्या विषाशी झुंजलेला गावाकडचा डॉक्टर

ठाणाकुशनूरच्या आसपास ज्यांची शेती आहे, त्यांना विंचवाची ओळख करून द्यायला नको. कडब्याची पेंढी उचलताना, बांधावरचा दगड हलवताना घरातलं वडीलधारं माणूस हमखास बजावतं, "बघून हात घाल रे!" या बजावण्यामागे किती घरांचं दुःख आहे, हे शहरात वाढलेल्या आपल्या मुलांना ठाऊक नसेल. पन्नास वर्षांपूर्वी लाल विंचू चावलेलं लेकरू संध्याकाळी अंगणात खेळत असायचं आणि सकाळ पाहायचं नाही. हे चित्र बदलणारा माणूस शेतकऱ्याच्याच घरातला.

डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. घरची गरिबी, पडेल ते काम करत घेतलेलं शिक्षण. नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले आणि १९७६ मध्ये कोकणात, महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले.

तिथे विंचू चावलेले रुग्ण येत. दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय. मग धाप लागायची आणि तोंडातून फेस यायचा. विष अंगभर भिनलेल्या अशा रुग्णांपैकी शंभरातले तीसएक दगावत. त्यात लहान मुलं बरीच. गावात मांत्रिक होते, झाडपाला होता. बहुतेकदा विंचवाची वेदना आपोआप ओसरते, त्यामुळे गुण मंत्राला आला असं लोकांना वाटे. पण ज्याच्या हृदयावर विषाचा घाला पडे, त्याच्यापुढे मंत्रही थकत आणि डॉक्टरही.

बावस्करांनी "आपल्या हातात काही नाही" असं म्हटलं नाही. ते रात्र-रात्र खाटेशेजारी बसून राहिले. नाडी, रक्तदाब, श्वास, सगळं वहीत टिपत गेले. रुग्ण विषाने हृदय थकून आणि फुप्फुसात पाणी साठून मरतो, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांची ही निरीक्षणं १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या लंडनच्या नामांकित वैद्यकीय साप्ताहिकात छापून आली.

पुढे पुण्यात एम.डी. केल्यावर शहरात दवाखाना थाटता आला असता. ते महाडलाच परतले. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांची साथ होती. रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची साधी, स्वस्त गोळी विषाचा हा परिणाम रोखू शकेल, असं त्यांना वाटलं. विंचवासाठी ती गोळी देण्याची तेव्हा रीत नव्हती. लहान गावात रुग्ण दगावला तर बोल डॉक्टरलाच लागतो. तरी त्यांनी ती दिली आणि रुग्ण वाचू लागले. शंभरात तीसच्या घरातले मृत्यू दोन-चारवर आले. आपला अनुभव स्वतःपाशी न ठेवता दोघांनी तो लिहून प्रसिद्ध केला. म्हणून तीच गोळी गावोगावच्या दवाखान्यांत पोहोचली. पुढे विंचवाच्या विषावरचं प्रतिविष आलं, तेव्हा ते प्राझोसिनसोबत देऊन त्यांनी त्याचाही अभ्यास केला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

त्यांच्या कामातून आपल्या घरांनी एवढं तरी घ्यावं: विंचू चावल्यावर घाम, उलटी किंवा हातपाय गार पडणं दिसलं, तर कापाकापी नको, मंत्रात वेळ नको, थेट दवाखाना गाठावा. लहान मुलाच्या बाबतीत तर लक्षणांची वाटही पाहू नये.

धाडस म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे तलवार येते. इथे एक वही होती, एक स्वस्त गोळी होती आणि परक्याच्या लेकरासाठी रात्रभर जागणारा माणूस होता. आज कितीतरी घरांत धडधाकट फिरणाऱ्या माणसांना त्याचं नावही माहीत नसेल. मुलांना ते नाव एकदा जरूर सांगा.