वजनकाट्यावरचा एकच आकडा

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात ट्रँगी इथे सरकारी कृषी संशोधन केंद्र आहे. कॅनडाहून आणलेल्या अँगस गुरांपासून 1929 साली तिथे एक कळप उभा राहिला. 1974 मध्ये संशोधकांनी त्याचे गट पाडले. एका गटात पहिल्या वर्षात झपाट्याने वाढलेले वळू आणि कालवडीच पैदाशीला ठेवायच्या, दुसऱ्यात सर्वांत मंद वाढलेल्या. तिसरा गट निवड न करता तुलनेसाठी.

पंधरा वर्षांत दोन टोकांच्या गुरांच्या आकारात सुमारे 30 टक्क्यांचा फरक पडला! गुरांची एक पिढी चार-पाच वर्षांची, म्हणजे हे सगळं जेमतेम तीन-चार पिढ्यांत घडलं. बाहेरचं रक्त नाही, कुठलं औषध नाही. वजन ठरवणारी जनुकं असंख्य असतात आणि एकेकाचा वाटा किरकोळ असतो. निवडीमुळे त्यांचं पारडं पिढीगणिक एका बाजूला झुकत जातं.

खरं महत्त्वाचं पुढेच आहे. निवड फक्त पहिल्या वर्षाच्या वाढीवर झाली होती, पण बदललं सगळंच. झपाट्याने वाढणाऱ्या गटातली वासरं जन्मतःच वजनदार निघाली आणि गाई थोराड झाल्या. जनुकं वयाप्रमाणे वाटून काम करत नाहीत. जी वर्षाच्या वासराला वाढवतात, त्यांतली बरीचशी गर्भालाही वाढवतात. मोठं वासरू पहिलटकरणीला अडतं, कधी दोघंही दगावतात. थोराड गाईला बारा महिने जास्त चारा लागतो, आणि मांसासाठीच्या कळपात निम्म्याहून अधिक चारा गाईंनाच लागतो. वजनवाढ हेच यश मानणाऱ्यांनी हा हिशेब फार काळ नजरेआड केला, असं मला वाटतं.

उलट, मंद गटातली ठेंगणी गुरं प्रयोग संपल्यावर हौशी पशुपालकांनी विकत घेतली. आज ती ‘लोलाइन’ नावाची स्वतंत्र जात आहे.

1974 मध्येच अमेरिकेत गॉर्डन डिकरसन आणि सहकाऱ्यांनी एक सूत्र सुचवलं: वर्षाच्या वजनातून जन्मवजनाची 3.2 पट वजा करा आणि उरलेल्या आकड्यावर वळू निवडा. वाढ हवी, पण जन्मानंतरची. ऑस्ट्रेलियात आता ब्रीडप्लॅन पद्धतीत जन्माचं, 200, 400 आणि 600 दिवसांचं वजन, शिवाय प्रौढ गाईचं वजन, असे वेगवेगळे आनुवंशिक अंदाज मिळतात. कालवडींसाठी वळू घेणारा शहाणा पशुपालक आधी जन्मवजन आणि सुलभ प्रसूतीचे आकडे पाहतो.