एका टाकीत अडीचशे कोटी वर्षं

बुलेट असो नाहीतर शंभर सीसीची साधी गाडी, टाकी फुल करा आणि सकाळी लातूरहून निघा. औसा, खरोसा, निलंगा, देवणी, उदगीर आणि शेवटी नांदेड जिल्ह्यातलं देगलूर. बालाघाटच्या पठारावरून जाणारी ही वाट दिवेलागणीच्या आत सहज संपते. पण तेवढ्या वेळात चाकांखालून किती काळ सरकतो, कल्पना आहे? दोनशे कोटी वर्षांहून जास्त!

आधी डोंगरांकडे बघा. एखादं टोकदार शिखर दिसतंय का? नाही ना? माथे सपाट, आणि शेजारशेजारचे माथे जवळपास एकाच उंचीचे. हिमालय जमिनीला घड्या पडून वर चढला. इथे तसं काही घडलंच नाही. आधी सगळं पठार सलग होतं. मग मांजरा, तेरणा, मन्याड, लेंडी आणि त्यांच्या शेकडो ओढ्यांनी मधली जमीन कोरून वाहून नेली. म्हणजे हे डोंगर वर आलेले नाहीत, ते मागे उरले आहेत. आपण चढ चढतो तेव्हा खरं तर जुन्या जमिनीच्या पातळीवर परत जात असतो.

पहिला थांबा खरोसा. इथली लेणी सहाव्या शतकाच्या सुमाराची मानली जातात. मूर्ती बघाच, पण भिंतही बघा. वेरूळचा काळा पाषाण इथे नाही. हा तांबूस, भोकाभोकांचा दगड म्हणजे जांभा. कोकणात ज्याचे चिरे काढून घरं बांधतात, तोच! तो मराठवाड्यात कसा? जांभा तयार व्हायला ऊब लागते आणि लाखो वर्षं भरपूर पाऊस लागतो. पाणी खडकातली वाळूची द्रव्यं हळूहळू विरघळवून नेतं आणि मागे लोह व अॅल्युमिनियम उरतं. एप्रिल २०१६मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच जिल्ह्याच्या डोंगरमाथ्यावर मुसळधार पावसाची ही सही आहे.

जांभ्याखाली काय? लाव्हा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला असताना, जमीन लांबच लांब भेगांनी फाटली आणि शिलारस वाहू लागला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. आज उरलेला त्याचा पसारा सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. त्यातला काही लाव्हा तर पूर्वेला पार गोदावरीच्या मुखाजवळ, राजमहेंद्रीपाशी सापडतो!

हे लोट भाकरीच्या चळतीसारखे एकावर एक पडले. प्रत्येक भाकरीचा वरचा पापुद्रा फुगलेला, खालचं अंग घट्ट. लाव्हाचंही तसंच. निवताना वायूचे बुडबुडे वर आले आणि वरच्या भागात अडकले. तो सच्छिद्र भाग लवकर झिजतो, खालचा घट्ट पाषाण तग धरतो. म्हणूनच डोंगरउतारांना पायऱ्या पडलेल्या दिसतात. रस्त्यासाठी कापलेल्या कडेत कधी दोन काळ्या थरांमध्ये लाल पट्टा दिसला, तर गाडी बाजूला घ्या. ती दोन लोटांच्या मधल्या काळात तयार झालेली माती आहे. एक लाव्हा निवला, झिजला, त्याची माती झाली आणि पुढच्या लाव्हानं ती गाडून टाकली.

पण या चळतीच्या तळाशी काय आहे? त्याचं उत्तर एका भीषण पहाटेनंतर मिळालं. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीच्या भूकंपानं हजारो माणसांचा बळी घेतला. शांत मानलेलं पठार का हादरलं, हे शोधायला शास्त्रज्ञांनी किल्लारीत खोल विंधन घेतलं. ३३८ मीटरपर्यंत लाव्हाचेच थर लागले. मग गाळाच्या खडकाचा जेमतेम काही मीटरांचा थर. आणि त्याखाली ग्रॅनाइटच्या कुळातला अतिप्राचीन खडक!

आता उदगीर गाठा. १७६०च्या सुरुवातीला सदाशिवरावभाऊंनी निजामाला इथेच नमवलं. उदगीर सोडून देगलूरकडे निघालात की रस्ता पठारावरून खाली उतरू लागतो. लाव्हाचे थर पूर्वेकडे पातळ होत जातात, त्यात नद्यांनी ते झिजवलेले. आणि देगलूर-बिलोलीच्या पट्ट्यात ते संपतातच! काळ्या पायऱ्या मागे पडतात. समोर गुलाबीसर, करड्या, गोल गोल शिळांचे ढीग. काळ्या कापसाच्या मातीऐवजी तांबूस, रेताड जमीन. किल्लारीत ज्याच्यासाठी ३३८ मीटर खाली जावं लागलं, त्याच प्राचीन पायाचा खडक इथे उघड्यावर पडलाय. स्टँड लावा आणि हात टेकवा!

जवळून बघा, या दगडात चमकणारे मोठे दाणे दिसतील. लाव्हा उघड्यावर भराभर निवला, म्हणून त्याचे दाणे नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाहीत. ग्रॅनाइट जमिनीखाली काही किलोमीटर खोल, अतिशय सावकाश थंड झाला, म्हणून त्याचे दाणे वाढत राहिले. मग तो उघड्यावर कसा आला? त्याच्या डोक्यावरचा सगळा खडक झिजून गेला, आणि तोही बराचसा लाव्हा येण्याच्या आधीच. ग्रॅनाइटचं वय अडीचशे कोटी वर्षांच्या घरात. तेव्हा पृथ्वीवर झाड नव्हतं, मासा नव्हता, होते फक्त सूक्ष्मजीव. लाव्हा थेट ग्रॅनाइटवर टेकलेला सापडला, तर एक बोट वरच्या दगडावर ठेवा, दुसरं खालच्या. दोन बोटांच्या मधली दोनशे चाळीस कोटी वर्षं गायब आहेत!

टाकीत अजून पेट्रोल असेल, तर हाच रस्ता पुढे हैदराबादला जातो. गोवळकोंड्याचा किल्ला ज्या ग्रॅनाइटच्या टेकडीवर उभा आहे, तीही याच जुन्या पायाचा भाग. देगलूरला लाव्हाचं पांघरूण संपतं, पण त्याखालची जमीन तशीच पुढे चालू राहते.