सुती कापडाची रंगाई आणि मिठाचा प्रश्न : तिरुपूरच्या संदर्भात

प्रस्तावना :
वस्त्रोद्योगामुळे होणाऱ्या प्रदूषणाचा विचार करताना आपले लक्ष प्रथम रंगीत पाण्याकडे जाते. नदी लाल वा निळी दिसली की त्याची बातमी होते. वास्तविक सुती कापडाच्या रंगाईतील सर्वांत चिवट प्रदूषक डोळ्यांना दिसतच नाही. ते म्हणजे मीठ. तमिळनाडूतील तिरुपूर या होजिअरी निर्यातीच्या केंद्राच्या आधारे हा मुद्दा प्रस्तुत लेखात स्पष्ट केला आहे.

मिठाचे कार्य :
पाण्यात भिजलेल्या सुती धाग्याच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. रिॲक्टिव्ह रंगांचे रेणूही ऋणभारित असल्याने ते धाग्यापासून दूर लोटले जातात. हा विरोध शमविण्यासाठी द्रावणात साधे मीठ किंवा सोडियम सल्फेट घालतात. गडद छटांसाठी दर लिटरला 60 ते 80 ग्रॅम, प्रसंगी त्याहूनही अधिक. त्यानंतर धुण्याच्या सोड्यामुळे रंगाचा धाग्याशी रासायनिक बंध जुळतो. मिठाची भूमिका केवळ मध्यस्थाची. ते कापडात राहत नाही, जवळजवळ सर्वच सांडपाण्यात उतरते. चुना, फेरस सल्फेट किंवा जीवाणू यांच्या प्रक्रियेने रंग बऱ्याच अंशी निघतो. विरघळलेले क्षार निघत नाहीत. म्हणजेच नितळ दिसणारे पाणीही पिकांना मारक ठरते.

नोय्यलचा अनुभव :
तिरुपूरमध्ये नेमके हेच घडले. नोय्यल नदीवर सिंचनासाठी बांधलेले ओरत्तुपाळयम धरण रंगाईच्या सांडपाण्याचा साठा होऊन बसले. परिसरातील विहिरी खारावल्या, जमिनी नापीक झाल्या. शेतकरी न्यायालयात गेले. मद्रास उच्च न्यायालयाने 2006 मध्ये कारखान्यांना सांडपाणी अजिबात बाहेर न सोडण्याची अट घातली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषण करणाऱ्यानेच त्याची किंमत मोजावी हे तत्त्व येथे लागू केले. तरीही पालन न झाल्याने जानेवारी 2011 मध्ये उच्च न्यायालयाने तेथील रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला.

खर्च कोणी सोसावा? :
तांत्रिक उपाय आहे. रिव्हर्स ऑस्मॉसिसने पाणी वेगळे करून उरलेले खारे द्रावण आटवता येते व काही अंशी पुन्हा रंगाईत वापरता येते. मात्र आटवण्यास मोठी ऊर्जा लागते, आणि अखेरीस उरणारे मिश्र क्षार कोठे ठेवायचे हा प्रश्न राहतोच. शिवाय अनेक रंगाई कारखाने दुसऱ्याच्या कापडावर मजुरीने काम करतात. परदेशी खरेदीदार बनियनचा दर ठरवतो तेव्हा त्यात या शुद्धीकरणाचा वाटा असेलच असे नाही. मग तो खर्च खारावलेल्या विहिरीच्या मालकाने सोसायचा, की कारखाना बंद पडल्यावर रोजगार गमावणाऱ्या कामगाराने? प्रस्तुत लेखकाच्या मते तो कापडाच्या दरातच धरला गेला पाहिजे. अन्यथा नियम पाळणारा कारखानदारच स्पर्धेत मागे पडतो.

इचलकरंजीच्या संदर्भात पंचगंगेची चर्चा करताना आपणही बहुधा फेस आणि मेलेले मासे यांपाशीच थांबतो. सांडपाण्यातील विरघळलेल्या क्षारांसाठी लिटरला 2,100 मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. आपल्या महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र विभागांना हे मोजमाप साध्या उपकरणाने नियमितपणे करता येईल.