रंगभेद घरातलाही

अमेरिकेतल्या लॅटिनो मुलांच्या वाट्याला येणाऱ्या भेदभावाचा विषय निघाला की बोट गोऱ्यांकडे जाते. ते रास्तच आहे, पण अपुरे. प्यू रिसर्च सेंटरने २०२१ मध्ये लॅटिनो प्रौढांना दहा छटांच्या पट्टीवर आपला रंग दाखवायला सांगितले. गडद छटा निवडणाऱ्यांपैकी ४२ टक्के जणांना बिगर-लॅटिनोंकडून भेदभाव सोसावा लागला होता आणि ४१ टक्के जणांना लॅटिनोंकडूनच. उजळ रंगाच्यांत हे आकडे २९ आणि २५ होते. याची मुळे जुनी आहेत. अठराव्या शतकातल्या मेक्सिकोत ‘कास्ता’ चित्रे काढली जात: बहुधा सोळा चौकटी, प्रत्येकीत आई, बाप, मूल आणि त्या मुलाच्या मिश्र वंशाचे नाव, स्पॅनिश रक्त सर्वांत वर. ‘मेहोरार ला रासा’, म्हणजे वंश सुधारण्यासाठी उजळ जोडीदार बघ, हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा सल्ला त्याच उतरंडीतून आला. मराठी वाचकाला तो वेगळा समजावून सांगायला नको.

खरा त्रास गरिबीचा किंवा स्थलांतराच्या कागदपत्रांचा, असा आक्षेप घेतला जातो. तो त्रास आहेच. पण एकाच घरातल्या दोन बहिणींची भाषा, पत्ता, आईबापांची मिळकत सारखी असते. तिथेही एकीला ‘ग्वेरा’ म्हणजे गोरी आणि दुसरीला ‘प्रिएता’ म्हणजे काळी म्हटले जाते, तेव्हा फरक रंगाचाच उरतो. ही लाडाची नावे आहेत, असेही म्हणतात. लाड खरा असेलही, पण कोणाचा रंग मिरवायचा आणि कोणाचा झाकायचा हे मूल त्यातूनच शिकते. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: खिन्न मुलाला जिकडेतिकडे भेदभावच दिसत असेल तर? म्हणून त्याच मुलांचा काही वर्षे मागोवा घेणारे अभ्यास मोलाचे ठरतात. आधी भेदभाव सोसलेल्या मुलांत पुढे नैराश्याची लक्षणे वाढल्याचे त्यांत दिसते. पौगंडावस्थेत ‘मी कोण’ हा प्रश्न ऐरणीवर असतो, म्हणून घाव खोल जातो.

यावर उपाय आहेत. मानसशास्त्रज्ञ एड्रियाना उमान्या-टेलर यांचा ‘आयडेंटिटी प्रोजेक्ट’ शाळेत आठ आठवडे मुलांना आपल्या कुळाचा, वंशाचा शोध घ्यायला लावतो आणि त्याचा मुलांच्या मनःस्थितीला फायदा झाल्याचे आढळले आहे. मात्र शाळेच्या नोंदवहीत सगळी लॅटिनो मुले ‘हिस्पॅनिक’ या एकाच रकान्यात बसतात. त्या रकान्यात गडद रंगाच्या मुलीचे वेगळे दुःख दिसत नाही. समुपदेशकाने तिला रंगाबद्दल थेट विचारायला हवे, आणि शाळेबरोबर घराबद्दलही.