ट्रेकसाठी स्टोव्ह निवडताना वजन कशाचं बघायचं?

मुक्कामाचा ट्रेक ठरला की प्रश्न येतोच, गडावर चहा-खिचडी कशावर करायची? तीन दगडांची चूल मांडली तर झाडं तुटतात, आणि पावसाळ्यात ओलं लाकूड पेटतही नाही. छोटा स्टोव्ह बरा. पण फक्त स्टोव्हचं वजन बघू नका. पाठीवर स्टोव्ह, इंधन आणि भांडं असं सगळंच ओझं असतं.

आधी थोडं गणित करूया. २० अंशांचं १ लिटर पाणी उकळायला सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता लागते. १ ग्रॅम गॅस सुमारे ११ किलोकॅलरी देतो. म्हणजे ७-८ ग्रॅम पुरायला हवा. पण बरीच उष्णता हवेत वाया जाते, म्हणून १५ ग्रॅम धरा. दोघांसाठी ४ लिटर पाणी उकळायचं, तर ६० ग्रॅम गॅस झाला.

आता प्रकार पाहू.

१) गॅसच्या डब्यावर फिरवून बसवायचा बर्नर : वजन साधारण १०० ग्रॅम. आच कमी-जास्त करता येते. सह्याद्रीत हाच सोयीचा. हिमालयात मात्र नुसत्या ब्यूटेनचा डबा नको. शून्य अंशाच्या आसपास ब्यूटेनची वाफच होत नाही. प्रोपेन मिसळलेला घ्या.

२) पेटीसारखा गॅस स्टोव्ह : पातेलं स्थिर राहतं, पण वजन दीड किलोच्या पुढे. मोठ्या गटालाच परवडतो.

३) स्पिरिटचा स्टोव्ह : अगदी हलका, पण स्पिरिटची उष्णता गॅसच्या जवळपास निम्मी. वाऱ्यात टिकत नाही, उन्हात ज्योत दिसत नाही. पेटता असताना त्यात कधीही स्पिरिट ओतू नका.

इंधन कसं वाचेल? पसरट भांडं घ्या, झाकण ठेवा, डाळ-तांदूळ आधी भिजवा. कळसूबाईवर (१६४६ मीटर) पाणी सुमारे ९५ अंशांनाच उकळतं, त्यामुळे डाळ शिजायला वेळ लागतो.

आता सर्वांत महत्त्वाचं. वारा अडवायला गॅसच्या डब्याभोवती पत्रा गुंडाळू नका. डबा तापून फुटू शकतो. पाऊस असला तरी तंबूत स्टोव्ह पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच जीव जाऊ शकतो. रेल्वेत आणि विमानात गॅसचा डबा न्यायला बंदी आहे, हेही ध्यानात ठेवा.

तेव्हा माणसं किती, मुक्काम किती, पाणी किती लिटर, हे आधी वहीत लिहा. मग दुकानात जा.