पेशंट एक नाही, अख्खं शहर!

सायकॉलॉजी किंवा सोशल वर्क शिकलात, नोकरीही आहे, पण 'पुढे काय?' हा किडा डोक्यातून जात नाही? मग एक हटके ऑप्शन बघा : पब्लिक हेल्थमधली मास्टर्स, म्हणजे एमपीएच. आणि त्यात अभ्यासाचा विषय मानसिक आरोग्य आणि व्यसनं. लांब जायलाही नको. गोवंडी स्टेशनजवळ, देवनारच्या 'टिस'मध्ये सोशल एपिडेमिऑलॉजीचा एमपीएच आहे.

इथे प्रश्नच वेगळा पडतो. डॉक्टर समोर बसलेल्या पेशंटला तपासतो. पब्लिक हेल्थवाला दवाखान्यापर्यंत पोचलेच नाहीत त्यांना शोधतो. ते थोडेथोडके नाहीत. 'निमहान्स'च्या २०१५-१६च्या राष्ट्रीय पाहणीत दारूच्या आजाराने ग्रासलेल्या शंभरातल्या ८६ जणांना उपचारच मिळत नव्हते. एवढ्यांसाठी सायकिअ‍ॅट्रिस्ट आणायचे कुठून?

गोव्यातल्या 'संगाथ' संस्थेने वेगळी वाट काढली. डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना ट्रेनिंग देऊन १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशनाला बसवलं. जास्तीत जास्त चार बैठका, बस्स! तीन महिन्यांनी त्यातल्या ३६ टक्के पुरुषांचं पिणं धोक्याच्या रेषेखाली आलं होतं. समुपदेशन न मिळालेल्या गटात हे प्रमाण होतं २६ टक्के. २०१७मध्ये 'लॅन्सेट'ने हा अभ्यास छापला.

फरक फक्त दहा टक्क्यांचा? हजार माणसांत तो शंभर घरांचा होतो. हा हिशेब मांडायला, तो खरा की योगायोग हे तपासायला एमपीएच शिकवतं. स्टॅटिस्टिक्सची भीती मात्र आधी सोडा!

आणि मदत तुम्हालाच हवी असेल, तर 'टेली मानस'चा १४४१६ हा फोन चोवीस तास, फुकट.